सरकारने नेमके कोणाला वाचविले?

मोटारींचा एखादा बलाढ्य कारखाना बुडू लागला आणि सरकारने त्यास हात दिला, की दोन समजुती लोकांत तत्काळ रूढ होतात : मजुरांनी अवाच्या सवा पगार घेऊन कारखाना बुडविला, ही एक, आणि रयतेचा पैसा धनिक मालकांच्या पदरात पडला, ही दुसरी. 2008-09 साली अमेरिकेतील जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांच्याविषयी या दोन्ही समजुती इतक्या निश्चयाने बोलल्या गेल्या, की त्या ताळेबंदाशी ताडून पाहणे मला अगत्याचे वाटते.

पहिल्या समजुतीच्या मुळाशी, कामगार तासाला 70 डॉलर घेतो, हा त्या काळी सर्वतोमुखी झालेला आकडा आहे. प्रत्यक्ष मजुरी सुमारे 28 डॉलर होती. निवृत्त झालेल्या लाखो कामगारांचे निवृत्तिवेतन आणि औषधोपचार यांचा खर्च, त्या घटकेस कामावर हजर असलेल्या माणसांच्या तासांवर वाटून तो आकडा सिद्ध केलेला होता. हा बोजा खोटा नव्हता. परंतु मजूरसंघाशी झालेल्या 1950 च्या करारापासून, भरभराटीच्या दिवसांत, व्यवस्थापनाने स्वतःच्या सहीने पत्करलेला तो बोजा होता, आणि धंदा आकसत गेला तसतसा तो उत्तरोत्तर थोड्या खांद्यांवर येऊन पडला. शिवाय त्याच मजूरसंघाशी करार असलेल्या फोर्डने 2006 च्या अखेरीस आपली मालमत्ता, किंबहुना आपले निळे बोधचिन्हसुद्धा, तारण ठेवून सुमारे 23.6 अब्ज डॉलरांची तजवीज करून ठेवली आणि ती कंपनी दिवाळखोरीवाचून तगली, हे ध्यानात घेतले म्हणजे सर्व दोष मजुरीच्या माथी मारणे किती अन्यायाचे आहे, ते उघड होते.

सारे अरिष्ट 2008 च्या पतसंकटाने आणले, हेही अर्धसत्यच. जनरल मोटर्सला 2005 सालीच दहा अब्ज डॉलरांहून अधिक तोटा आलेला होता. तिची मिळकत जड, इंधनखाऊ वाहनांवर विसंबून होती, आणि 2008 च्या उन्हाळ्यात पेट्रोल गॅलनला चार डॉलरांवर गेल्यावर गिऱ्हाइकाने त्या वाहनांकडे पाठ फिरविली. पुढे कर्ज मिळेनासे झाले. 2007 साली 1 कोटी 60 लाखांच्या आसपास असलेला त्या देशातील वाहनांचा खप 2009 मध्ये सुमारे 1 कोटी 4 लाखांवर आला.

आता मालकांविषयी. बुश यांनी डिसेंबर 2008 मध्ये 17.4 अब्ज डॉलरांचे कर्ज मंजूर केले. ओबामांच्या सरकारने जनरल मोटर्सचे प्रमुख वॅगनर यांस पायउतार व्हावयास लावले. आणि 1 जून 2009 रोजी कंपनीने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. जुन्या भागधारकांच्या हाती काहीच उरले नाही. नव्या कंपनीत 60.8 टक्के वाटा अमेरिकन खजिन्याचा, 17.5 टक्के निवृत्तांच्या आरोग्यनिधीचा, 11.7 टक्के कॅनडा व ओंटारिओ सरकारांचा, आणि तारण नसलेल्या धनकोंच्या वाट्यास अवघे 10 टक्के. वाचले ते कारखाने आणि सुटे भाग पुरविणारे असंख्य लहान उद्योग. प्रतिस्पर्धी फोर्डनेही या मदतीचा पुरस्कार केला तो याच कारणाने, कारण ते पुरवठादार तिचेही होते.

पै न पै परत आली, असेही कित्येक समजतात. फिटले ते कर्जरूपाने दिलेले 6.7 अब्ज, भागांत घातलेली रक्कम धरता जनरल मोटर्सवर सुमारे 49.5 अब्ज खर्ची पडले आणि सुमारे 39 अब्ज वसूल झाले. याउलट, 1980 साली क्रायस्लरला (वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने जिच्या सहकार्याने मोटारी बांधल्या, तीच ही) सरकारने रोकड न देता दीड अब्ज डॉलरांच्या कर्जास हमी दिली; कंपनीने 1983 मध्ये, मुदतीच्या सात वर्षे आधी, कर्ज फेडले, आणि खजिन्यास उलट तीस कोटी डॉलरांहून अधिक लाभ झाला.

2009 च्या मदतीची एक किंमत मात्र हिशेबाच्या वहीत दिसत नाही. 2007 च्या करारातच नव्या मजुरास जवळजवळ निम्म्या दराने घेण्याची मुभा आली होती, आणि मदतीच्या अटींनी ती दृढ केली. एकाच ओळीत, एकच काम करणाऱ्या दोन माणसांच्या या दोन दरांविरुद्ध डेट्रॉईटच्या तिन्ही कंपन्यांतील कामगार सप्टेंबर 2023 मध्ये एकाच वेळी संपावर गेले.