टोटल लॉस म्हणजे गाडी मेली असं नव्हे

२०१८ च्या जुलैत वसई-विरारमध्ये पाणी साचलं, लोकल थांबल्या, मिठागरात अडकलेल्या माणसांना बाहेर काढावं लागलं. सोसायट्यांच्या आवारातल्या गाड्या मात्र जागच्या जागी बुडाल्या. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या पावसानंतर इथे एक वाक्य ठरलेलं असतं: ‘कंपनीने टोटल लॉस काढला, गाडी गेली.’ हे अर्धवट खरं आहे. कंपनीने फक्त खर्च मोजलेला असतो.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या घोषित मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की टोटल लॉस. पहिली पाच वर्षं घसाऱ्याचे टक्के ठरलेले असतात. पाचव्या वर्षी मूल्य निम्म्यावर येतं. त्यापुढे ते मालक आणि कंपनीच्या संमतीने ठरतं, आणि हप्ता वाचवायला आपणच ते खाली आणलेलं असतं. समजा, अकरा वर्षांच्या गाडीची आयडीव्ही १ लाख ६० हजार आहे. एस्टिमेट १ लाख २० हजारांपलीकडे गेलं की विषय संपला. अधिकृत वर्कशॉपने वायरिंग, ईसीएम (इंजिनाचं कंट्रोल युनिट), सीट आणि कार्पेट नवं धरलं तर तिथवर पोचायला वेळ लागत नाही. तीच गाडी गोखिवऱ्याचा एखादा मेकॅनिक वायरिंग सुकवून आणि जुने सुटे भाग घालून बऱ्याच कमी पैशांत रस्त्यावर आणू शकतो. फक्त एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये पाणी गेलं असेल तर तिथे काटकसर नको. आणि बुडालेल्या गाडीला ‘बघू तरी’ म्हणून सेल मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पाण्याने नाही, तुमच्या चुकीने झालं, असं म्हणायला कंपनीला वाव मिळतो.

‘टोटल लॉस झाला की गाडी कंपनीची.’ असं काही नाही. गाडी कंपनीच्या स्वाधीन करून आयडीव्हीची रक्कम घ्या, किंवा भंगाराची किंमत वजा करून उरलेले पैसे घ्या आणि गाडी स्वतःकडे ठेवा. दोन्हीत मालकाने सोसायची ठरीव रक्कम कापली जाते. भंगाराची बोली फुगवलेली वाटली तर सर्व्हेयरच्या अहवालाची प्रत मागा आणि हरकत लेखी नोंदवा. पुढे विमा लोकपाल आहेच.

आता सगळ्यात मोठा घोळ: ‘दुरुस्त केली तरी नवी नोंदणी करावी लागते.’ अमेरिकेत अशा गाडीला वेगळा कागद मिळतो आणि यूट्यूबवरचे बरेच व्हिडिओ तिथलेच असतात. आपल्याकडे तशी पद्धत नाही. विमा कंपनीची फाइल वेगळी, आरटीओचं दप्तर वेगळं. टोटल लॉसच्या पत्राने आरसी आपोआप रद्द होत नाही. आरसी चालू असेल तर दुरुस्ती करा, विमा आणि पीयूसी घ्या, गाडी चालवा. इंजिन बदललं असेल तर नवा नंबर आरसीवर चढवून घ्या. चेसिस नंबरला मात्र हात लावायचा नाही.

गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर कळवून आरसी जमा करायची असते. नोंदणी रद्द होते ती अशी, आणि रद्द झालेली नोंदणी परत जिवंत करायला सरळ वाट नाही. काही कंपन्या पैसे सोडण्याआधी नोंदणी रद्द केल्याचा कागद मागतात. म्हणून गाडी ठेवायची की सोडायची, हे सह्या करण्यापूर्वी ठरवा.

‘पंधरा वर्षं झाली की भंगारातच.’ हा दिल्लीचा नियम आपण उगाच अंगावर घेतलाय. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी विरार पूर्वेच्या आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. २०२२ मध्ये शुल्क ५ हजार झालं होतं, पर्यावरण कर वेगळा. गाडी जुनी, ठाण्याच्या एमएच-०४ ची असली तरी इथला एमएच-४८ नंबर घ्यायची गरज नाही.

‘भंगारवाल्याला दिली, आपली जबाबदारी संपली.’ हा गैरसमज सगळ्यात महागात पडणारा. आरसीवर नाव ज्याचं, कायद्याच्या नजरेत मालक तोच. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हेच सांगितलं: गाडी हातोहात विकली गेली होती, पण अपघाताच्या भरपाईला नोंदणीतला मालकच जबाबदार ठरला. शिवाय टोटल लॉस गाडीचे कागद चोरीच्या गाडीला लावण्याचा धंदा चालतो, तो वेगळाच. पनवेलमध्ये पुरात भिजलेल्या, भंगार म्हणून विकलेल्या बीएस-४ गाड्याही चेसिस नंबर बदलून गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारल्या गेल्या होत्या. नवी मुंबई पोलिसांनी २०२१ च्या सुरुवातीला ते प्रकरण उघड केलं.

जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणूनच सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघावा. पॉलिश सगळीकडे पोचतं, गुंडाळलेल्या पट्ट्यात नाही. तिथे चिखलाची रेघ दिसते. सीटखालचे बोल्टही पाहा. चारही गंजलेले असतील तर विक्रेत्याला विम्याच्या दाव्यांचा इतिहास विचारा.

आणि गाडी सोडायचीच असेल तर मूळ आरसी कुणा भंगारवाल्याच्या हातात देऊ नका. नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी द्या, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा. ते सर्टिफिकेट पुढे नव्या गाडीच्या करात सवलत मिळवायलाही चालतं.