अळूवरचे पाणी आणि कोबीवरचे औषध

मागे एकदा आम्ही कोबीवर फवारणी केली. पंप रिकामा झाला, पाठ भरून आली, आणि दोन दिवसांनी पाहतो तो अळ्या मजेत पाने खात होत्या! औषध खोटे निघाले म्हणून दुकानदाराला मनात शिव्या दिल्या. दोष त्याचा नव्हता. औषध पानावर थांबलेच नव्हते. घरंगळून सरीत गेले होते.

हे असे का होते, ते मुलांकडून घरीच करून पाहावे. परसातले अळूचे एक पान आणा. देठाच्या रसाने खाज सुटते, म्हणून ते फडक्याने धरावे. पानावर पाण्याचा थेंब सोडा. मोत्यासारखा गोल होऊन तो पळत सुटेल. आता चिमूटभर राख भुरभुरा व पुन्हा थेंब सोडा. जाताजाता तो राख उचलून नेतो. मग पानाचा एक कोपरा बोटाने जोराने चोळा. तिथे मात्र पाणी चिकटून बसते.

पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात व त्यांवर मेणाचे बारीक कण. थेंब फक्त त्यांच्या टोकांवर टेकतो, खाली हवा राहते. चोळल्याने हे मेण मोडते. कमळाचे पान चिखलातही स्वच्छ कसे राहते, याचा असाच उलगडा जर्मनीतील बार्थलॉट व नाइनहुइस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ साली केला.

शेवटी पानाच्या न चोळलेल्या भागावर दाट साबणपाण्याचा थेंब टाका. तो गोल न राहता पसरतो.

कोबी, कांदा आणि भाताची पातही अशीच मेणचट. म्हणून अशा पिकांवर फवारताना औषधात चिकटद्रव्य, म्हणजे दुकानात मिळणारे ‘स्टिकर’, बाटलीवर लिहिलेल्या मापानेच घालावे. ५ टक्के निंबोळी अर्कात १०० लिटरला सुमारे २०० ग्रॅम साबणचुरा चालतो. परंतु इतर विषारी औषधांत धुण्याचा साबण ढवळू नये. मॅलेथिऑनसारखी औषधे अल्कधर्मी पाण्यात निकामी होतात.

मुलांचा प्रयोग मात्र साध्या पाण्याचाच असावा. औषधाचा पंप किंवा औषधाची रिकामी बाटली त्यांच्या हाती मुळीच देऊ नये, कितीही धुतलेली असली तरी.