आवाज का फाटतो?

निपाणीला माझ्या काकांचा लाऊडस्पीकरचा धंदा आहे. लग्न, बारसे, गणपती, निवडणूक, सगळीकडे त्यांचेच कर्णे. आता यंत्रे नवी आली, पण कपाटामागे एक जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर भंगारवाल्याची वाट पाहत पडला होता. सुटीत मी त्याला गिटार जोडली आणि व्हॉल्यूम वाढवला. काका धावत आले. "अरे बंद कर, आवाज फाटतोय!" आमचा मेकॅनिक कन्नडमध्ये म्हणाला, "ओडीतैति", म्हणजे फुटतोय. काकांनी जन्मभर ज्याच्याशी भांडण केले, नेमके तेच मला हवे होते!

मी वाणिज्य शाखेचा. तेव्हा चुकलो तर विज्ञानवाल्यांनी क्षमा करावी.

या यंत्रात दोन खाती असतात. प्रीअ‍ॅम्प बारीक सिग्नल मोठा करतो, पॉवर अ‍ॅम्प स्पीकर हलवण्याची ताकद देतो. प्रीअ‍ॅम्पमध्ये ईसीसी 83 हा व्हॉल्व्ह असतो, एका काचेत दोन ट्रायोड. (बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने 1961 पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले.) गिटारमधून आलेल्या दशांश व्होल्टचे पहिला ट्रायोड पाच-सहा व्होल्ट करतो. पुढच्याला एवढे सोसत नाही. एका बाजूला दीडेक व्होल्टनंतर त्याची ग्रिड स्वतःच प्रवाह खाऊ लागते, दुसऱ्या बाजूला थोडे पुढे जाऊन व्हॉल्व्ह पुरता बंद पडतो. तिजोरीत आहे त्याहून जास्त देणार कुठून? लाटेचे माथे आणि तळ सपाट होतात, पण सारखे नाहीत. या असमानतेमुळे मूळ स्वरात दुप्पट कंपनांचा स्वर, म्हणजे वरच्या सप्तकातला षड्ज मिसळतो.

पॉवर अ‍ॅम्पमध्ये ईएल 84 ची जोडी असते. एक ढकलतो, एक ओढतो. त्यांनी निर्माण केलेले दुप्पट कंपनांचे स्वर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये जमा-नावे होऊन बरेचसे मिटतात. तिप्पट उरतो, तो वरचा पंचम. शिवाय जोरात तार छेडली की पुरवठ्याचे व्होल्टेज क्षणभर खाली बसते, स्वर दबतो आणि मग फुगतो. हे कानाआधी बोटांना कळते.

अडचण एकच. पॉवर अ‍ॅम्प फाटायला तो पूर्ण ताकदीने चालावा लागतो आणि 15 वॅटसुद्धा खोलीतली भांडी वाजवतात. म्हणून 1975 साली मार्शल कंपनीने मास्टर व्हॉल्यूमचे मॉडेल काढले. प्रीअ‍ॅम्प हवा तेवढा फाडा, पॉवर अ‍ॅम्प शांत ठेवा. सोय झाली खरी, पण माझ्या मते निम्मी चव गेली.

काका भजनात पेटी वाजवतात. त्यांना विचारले, मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतात, तारेखाली दोरा सरकवतात, ते कशासाठी? त्याशिवाय तार मुकी वाटते म्हणूनच ना? तिथली रीत वेगळी, पण मूळ स्वराबरोबर वरचे स्वर जागे करायचे, हा हेतू तोच.

काका जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुझ्या गिटारीला ठीक. पण कर्ण्यावर असला आवाज सोडला तर अध्यक्षांचे भाषण कुणाला कळणार?"

यंत्र भंगारात गेले नाही. अटी मात्र तीन. रात्री दहानंतर वाजवायचे नाही. स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचे नाही, नाहीतर ट्रान्सफॉर्मर जळेल. आणि झाकण मी उघडायचे नाही, कारण प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये 300 व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात.