ऐकून घेण्याचे शास्त्र

१० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन दरवर्षी रीतीप्रमाणे पार पडतो. मनोविकारतज्ज्ञांची उणीव, औषधांचा खर्च, समुपदेशनाची आवश्यकता आणि मनोरुग्णांविषयी समाजात रुजलेला संकोच या सर्व विषयांची उजळणी होते. आणि या सगळ्या चर्चेत जिचा उल्लेख क्वचितच होतो, ती व्यक्ती म्हणजे परिचारिका. वास्तविक मनोरुग्णालयातील रुग्णाच्या वाट्याला डॉक्टर येतात ते काही मिनिटांपुरते. उरलेला दिवस आणि सारी रात्र त्याची गाठ असते ती वॉर्डातल्या सिस्टरशी. या सहवासाला उपचाराचे मोल आहे काय, आणि असल्यास तो उपचार वर्गात बसवून शिकवता येतो काय, या दोन प्रश्नांचे होकारार्थी उत्तर शास्त्राच्या कसोटीवर उतरवून दाखविण्यात जिची हयात खर्ची पडली, त्या हिल्डेगार्ड पेप्लाऊ या अमेरिकन प्राध्यापिकेचे नाव आपल्याकडे नर्सिंगच्या अभ्यासक्रमाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नाही.

पेप्लाऊबाईंचा जन्म १९०९ सालचा, पेनसिल्व्हेनियातील रेडिंग या गावी, पोलंडहून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत, वयाच्या नवव्या वर्षी, आजार आणि मृत्यू घराघरांची काय दशा करतात हे त्यांनी पाहिले, आणि त्या दर्शनाचा ठसा त्यांच्या विचारांवर कायम राहिला. १९३१ साली त्या पॉट्सटाउनच्या रुग्णालयातून परिचारिका झाल्या. पुढे बेनिंग्टन महाविद्यालयात परिचारिकेची नोकरी करीत असतानाच त्याच महाविद्यालयातून १९४३ साली त्यांनी मानसशास्त्राची पदवी मिळविली. या काळातच मेरिलँडमधील चेस्टनट लॉज या खासगी मनोरुग्णालयात, मनोविकार माणसामाणसांतील संबंधांच्या बिघाडातून उद्भवतात असे प्रतिपादणाऱ्या हॅरी स्टॅक सलिव्हन यांच्या विचारांशी त्यांचा परिचय झाला. मग दुसऱ्या महायुद्धात, इंग्लंडमधील अमेरिकन लष्करी इस्पितळात, रणांगणावरून खचून परतलेल्या सैनिकांच्या शुश्रूषेत, सलिव्हनचा सिद्धान्त त्यांना प्रत्यक्ष खाटेशेजारी पडताळून पाहता आला.

युद्धानंतर त्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात शिकवू लागल्या, आणि परिचारिका व रुग्ण यांच्यातील परस्परसंबंधांवरील त्यांच्या ग्रंथाचे हस्तलिखित १९४८ साली हातावेगळे झाले. तरीही तो ग्रंथ छापून बाहेर पडायला १९५२ साल उजाडले. एखाद्या परिचारिकेने, सोबत कोणा डॉक्टरचे नाव सहलेखक म्हणून न लावता, स्वतःच्या अधिकाराने सैद्धान्तिक ग्रंथ प्रसिद्ध करावा ही गोष्टच त्या काळी धाडसाची वाटत होती. ज्या स्त्रीने रुग्णाजवळ वर्षानुवर्षे काढली तिला रुग्णाविषयी काही सांगावयाचे असेल, तर त्यासाठी दुसऱ्याच्या सहीची गरज भासावी, यात त्या काळच्या व्यवस्थेचा केवढा दोष होता! आणि तो दोष केवळ त्या काळाचा किंवा केवळ अमेरिकेचा नव्हे, असे मला स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

परंतु पेप्लाऊबाईंची खरी थोरवी त्या ग्रंथाहूनही त्यांच्या अध्यापनात आहे. मनोविकारशुश्रूषेच्या विद्यार्थिनींनी वॉर्डात फेरी मारावी, या रुग्णाशी चार शब्द, त्या रुग्णाशी चार शब्द बोलावेत आणि परतावे, हा शिरस्ता त्यांनी मोडला. एका विद्यार्थिनीने एकच रुग्ण घ्यावा, ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी त्याच्यापाशी बसावे, आणि रुग्ण काय बोलला व आपण काय बोललो ते शब्दशः लिहून आणावे; मग ते लिखाण शिक्षिकेसमोर ओळीओळीने तपासले जावे, अशी ही पद्धत. आपल्याकडील नर्सिंगच्या विद्यार्थिनी जिला ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ म्हणतात ती हीच. तिचे मूळ समाजकार्याच्या शिक्षणात असले, तरी मनोविकारशुश्रूषेत तिला अध्यापनाचा कणा बनविण्याचे श्रेय मोठ्या अंशाने पेप्लाऊबाईंचे आहे.

या तपासणीत नेमके काय होई, हे आपल्या वॉर्डातील एका कल्पित प्रसंगावरून ध्यानी येईल. समजा, पन्नाशीची एक बाई विद्यार्थिनीला म्हणते, ‘सिस्टर, ते सगळे माझ्यावर टपलेत.’ विद्यार्थिनी प्रेमळपणे म्हणते, ‘असं काही नाही हो मावशी, घाबरू नका, गोळी घ्या बघू.’ वहीतील या ओळीपाशी शिक्षिका थांबेल. विद्यार्थिनीचा हेतू निर्मळ होता. पण तिने संभाषणाचे दार लावून घेतले आणि मावशींचे भय जिथल्या तिथे राहिले. पेप्लाऊबाईंची शिकवण अशी की, इथे वाद घालू नये आणि मानही डोलावू नये. फक्त विचारावे, ‘ते म्हणजे कोण?’ ‘सगळेच.’ ‘त्यातलं एक नाव सांगा.’ बराच वेळ स्तब्धता, आणि मग, ‘धाकटा दीर.’ ‘दिरांनी काय केलं? केव्हाची गोष्ट?’ अमूर्त, सर्वव्यापी भयाला अशा रीतीने एक नाव, एक दिवस, एक घटना मिळते, आणि ज्याला नाव मिळाले त्याविषयी विचार करणे रुग्णाला हळूहळू शक्य होते. मावशी ‘तुम्हाला तर ठाऊकच आहे, सिस्टर’ असे म्हणाल्या, तर ‘नाही मावशी, मला ठाऊक नाही, तुम्ही सांगा,’ हे उत्तर. ‘का’ हा प्रश्न शक्यतो टाळावा, कारण तो मनुष्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. कोण, काय, कुठे, केव्हा हे विचारावे. आणि स्वतःच्या घरच्या गोष्टी सांगून जवळीक साधू नये. ती घटका रुग्णाची आहे.

चिंतेविषयीचे त्यांचे विवेचनही असेच उपयुक्त आहे. सौम्य, मध्यम, तीव्र आणि भयकंप अशा चार पायऱ्या त्यांनी मांडल्या व प्रत्येक पायरीवर मनुष्याचे अवधान कसकसे आकुंचित होत जाते ते दाखविले. पहिल्या दोन पायऱ्यांवर मनुष्य शिकू शकतो, समजून घेऊ शकतो; तिसरीवर लांबलचक उपदेश त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही, तिथे लहान वाक्ये आणि शांत स्वर हवा; आणि चौथीवर तर त्याला एकटे न सोडणे हाच इलाज. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री भेदरलेल्या रुग्णापुढे सूचनांचा पाढा वाचणाऱ्या कोणत्याही रुग्णालयाने हे विवेचन अभ्यासावे.

१९५४ साली त्या रट्गर्स विद्यापीठात रुजू झाल्या आणि मनोविकारशुश्रूषेतील तज्ज्ञ परिचारिका घडविणारा अमेरिकेतील पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांनी तेथे उभा केला. त्याच वर्षी क्लोरप्रोमाझिन हे मनोविकारावरील औषध अमेरिकेत मंजूर झाले. पुढील साली तेथील सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक माणसे होती. औषधाने त्यातील अनेकांचा उद्रेक शमविला, हे त्या औषधाचे उपकार कोणी नाकारू नयेत. पण उद्रेक शमलेल्या माणसाशी बोलावयाचे कोणी, आणि कसे, हा प्रश्न औषधाने सुटत नाही. उलट तेथूनच तो सुरू होतो. हे जाणून पेप्लाऊबाई उन्हाळ्याच्या सुट्टीत ठिकठिकाणच्या सरकारी मनोरुग्णालयांत जात आणि तेथील परिचारिकांसाठी कार्यशाळा घेत. १९७० ते १९७२ या काळात अमेरिकन परिचारिका संघटनेचे अध्यक्षपद, १९७४ साली निवृत्ती, त्यानंतर बेल्जियममधील लुव्हेन येथे अध्यापन, आणि १९९९ साली मृत्यू, अशी पुढची कारकीर्द.

आता आपल्याकडे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १०.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने ग्रस्त आहेत, आणि त्यांतील बहुसंख्यांना उपचार मिळत नाहीत. एवढा भार मूठभर मनोविकारतज्ज्ञ उचलू शकणार नाहीत. असे असूनही २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आरोग्य परिचारिकेची जी व्याख्या केली आहे, तीत सामान्य नर्सिंगची पदविका वा पदवी आणि नोंदणी एवढेही पुरेसे धरले आहे; मनोविकारशुश्रूषेचे विशेष शिक्षण हा केवळ एक पर्याय आहे. आज मनुष्यबळाची टंचाई पाहता ही सवलत समजू शकते, पण सवलतीचाच कायमचा दर्जा होऊ देणे हा रुग्णांवर अन्याय आहे. वॉर्डात परिचारिका इतक्या थोड्या असताना एकेका रुग्णापाशी तासभर बसावे कोणी, हा आक्षेप खरा आहे आणि तो मी हलका लेखत नाही. पण त्याचे उत्तर अधिक परिचारिका नेमणे हे आहे, संभाषण सोडून देणे हे नव्हे.

आपल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या सुधारित अभ्यासक्रमात पाचव्या व सहाव्या सत्रात मानसिक आरोग्य शुश्रूषा हा विषय आहे आणि प्रोसेस रेकॉर्डिंगची वहीही आहे. म्हणजे तरतूद आहे. प्रश्न अंमलाचा आहे. ती वही गुणांसाठी भरावयाची आणि सही होऊन दप्तरात पडावयाची असेल, तर पेप्लाऊबाईंचे नाव उत्तरपत्रिकेत लिहिण्यात काही अर्थ नाही. म्हणून ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत विद्यार्थिनी पाठविणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयास विनंती आहे की, प्रत्येकीला एकच रुग्ण द्यावा, संपूर्ण मुदतभर तोच ठेवावा, आणि शिक्षिकेने दर आठवड्याला तिच्याशेजारी बसून ती वही ओळीओळीने वाचावी. यासाठी नवा कायदा लागत नाही आणि वेगळे अनुदानही लागत नाही. येत्या सत्रापासून हे सुरू करता येईल.