लक्ष कुणाचं होतं?

लहान मुलाला काही लागलं-खुपलं की घरात पहिला प्रश्न निघतो तो हाच. आणि उत्तरही ठरलेलंच असतं, "सगळेच तर होते तिथं!" सगळे होते, म्हणूनच कुणाचं लक्ष नव्हतं. लग्नघरात, बारशाला, हळदीकुंकवाला आपण हे नेहमी बघतो. आजीला वाटतं आई बघतेय, आईला वाटतं जाऊबाई बघताहेत, जाऊबाईंना वाटतं लेकरू अंगणात आजोबांजवळ आहे, आणि आजोबा आपले वर्तमानपत्रात!

जे घरी होतं ते बालवाडीतही होऊ शकतं. म्हणून, मैत्रिणींनो, हा प्रश्न मागाहून विचारायचा नाही. मूल बालवाडीत घालण्याच्या आधी विचारायचा. "लक्ष कुणाचं असेल?" आणि त्याला "आम्ही सगळ्या असतो ना" असं उत्तर मिळालं तर समाधान मानू नका. कुठल्या वेळी कोण, हे कळलं पाहिजे.

आमचं मालेगाव म्हणजे वाशीम जिल्ह्यातलं हं, नाशिककडचं नव्हे. अकोला-वाशीम रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. शाळा सुरू व्हायचे दिवस जवळ आले की इथंही बालवाडीची शोधाशोध सुरू होते. फी किती, गणवेश कसा, इंग्रजी कविता शिकवतात का, गॅदरिंग होतं का, सगळी चौकशी होते. पण मुलं किती आणि बघणाऱ्या बाया किती, हे विचारणारी आई विरळाच.

वीस मुलांमागे दोघी

राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने खासगी बालवाड्यांसाठी, म्हणजे ज्यांना आपण प्ले-स्कूल म्हणतो त्यांच्यासाठी, मार्गदर्शक नियम तयार केले आहेत. ३ ते ६ वर्षांच्या २० मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस असावी, असं त्यांत सांगितलं आहे. दोघी कशाला, असं वाटेल. पण जरा डोळ्यांसमोर आणा. एका लेकराला शू लागली, बाई त्याला घेऊन गेल्या. मागे राहिली एकोणीस! त्या पाच मिनिटांत कुणी खिडकीवर चढेल, कुणी पेन्सिल नाकात घालेल, कुणी उघड्या दारातून थेट रस्त्यावर जाईल. दुसरी बाई ही चैन नाही. ती त्या पाच मिनिटांसाठी असते.

अंगणवाडीचंही तसंच आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आज अंगणवाडी ठाऊक नाही असं गाव सापडणार नाही. पण या योजनेत सेवा सहा आहेत. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, मोठ्या दवाखान्यात पाठवणं, आयांना आरोग्याची माहिती देणं आणि बालशिक्षण. हे सगळं एक सेविका आणि एक मदतनीस बघतात. वर नोंदी भरायच्या त्या आता मोबाईलवर. सेविकाताई मान खाली घालून वजनं नोंदवत असतील तेव्हा मुलांकडे बघायला दुसरी बाई मोकळी आहे का, हे पाहायला हवं. ताईंना बोल लावण्यासाठी नव्हे, तर त्यांच्यावर किती कामं लादली आहेत हे आपल्याला कळावं म्हणून.

मोठी ताई आठ वर्षांची

आपल्याकडे धाकट्याला सांभाळायचं काम थोरल्या बहिणीकडे देण्याची पद्धत जुनीच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला (आता हे गाव पालघर जिल्ह्यात येतं) काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्यापुढे हीच अडचण आली. मुलं बालवाडीत येईनात, म्हणून त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' तिथलीच. पुढे कोसबाडला त्यांनी पाहिलं की मोठ्या मुली शाळेत येत नाहीत, कारण कडेवर धाकटं असतं. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच जागी आणली आणि तिला 'विकासवाडी' म्हटलं. धाकटं पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि थोरली वर्गात! आठ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरवून त्यांनी ते मोठ्या माणसांवर घेतलं.

आपण मात्र अजूनही "ताईजवळ बस हं" म्हणून निर्धास्त होतो. ताई माया करील, पण हौदात पडलेल्या भावाला बाहेर काढणं तिच्याच्यानं व्हायचं नाही.

बांगलादेशातला अनुभव तर फारच बोलका आहे. तिथं घराला लागून तळी-डबकी. लहान मुलं बुडण्याचे प्रकार जास्त करून सकाळी ९ ते दुपारी १ या वेळात होतात, असं आढळलं. म्हणजे आई स्वयंपाक, धुणं-भांडी यांत असते तेव्हा! २००५ नंतर तिथं गावोगावी याच वेळात चालणारी पाळणाघरं सुरू झाली. गावातलीच एक शिकवून तयार केलेली बाई आणि तिची मदतनीस मुलांना सांभाळतात. त्या पाळणाघरांचं नाव 'आंचल', म्हणजे आपला पदर. जी मुलं तिथं जाऊ लागली त्यांच्यातलं बुडण्याचं प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटलं. औषध नाही, यंत्र नाही. ठरलेल्या वेळी ठरलेल्या बाईचं लक्ष, एवढंच.

लक्ष ठेवायचं म्हणजे काय करायचं?

'लक्ष ठेवणं' हे आपण बसल्या बसल्या करायचं काम समजतो. प्रत्यक्षात ते स्वयंपाकासारखंच शिकून येणारं काम आहे. अमेरिकेत १९६५ पासून 'हेड स्टार्ट' नावाची सरकारी बालशिक्षण योजना चालते. तिथल्या शिक्षिकांना जे शिकवतात, ते आपल्या बालवाडीलाही सहज लागू पडतं.

पहिली गोष्ट, जागा नीट करा. कपाट भिंतीला पक्कं, फिनेल वरच्या फळीवर, बादल्या पालथ्या, विजेच्या बटणांचे खटके हाताला येणार नाहीत असे. आपल्या वऱ्हाडात उन्हाळ्यात कूलरशिवाय भागत नाही. लोखंडी कूलरला ओला हात लावून शॉक बसतो, हे मोठ्यांनाही विसरायला होतं. तिथं मुलांनी जाताच कामा नये, असा आडोसा हवा.

दुसरी, बाईंनी बसायची जागा. फळ्याकडे तोंड आणि वर्गाकडे पाठ असं नको. दार आणि सगळी मुलं एका नजरेत येतील अशा ठिकाणी बसायचं.

तिसरी, मोजणी. सकाळी आल्यावर, अंगणात जाताना, अंगणातून येताना, खाऊच्या वेळी, घरी सोडताना, दर वेळी डोकी मोजायची. यात लाज कसली? बावीस निघाली तर बावीस परत यायला हवीत.

चौथी, कान. मुलांचा गलका चांगला, अचानक शांतता वाईट. पाचवी, पुढचं ओळखणं. अमुक मुलगा चावतो, तमकी मुलगी मातीचे खडे तोंडात घालते, हे आठवड्याभरात बाईंना कळतंच. त्याप्रमाणे आधीच जवळ जाऊन बसायचं. सहावी, मुलांत मिसळणं. दुरून "ए, पडशील!" असं ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन दुसरा खेळ हातात दिलेला बरा.

म्हणून लक्ष ठेवणं म्हणजे "हाताची घडी, तोंडावर बोट" नव्हे. दिवसभर मुलांना सतरंजीवर जखडून ठेवलं तर अपघात होणार नाहीत, पण ती बालवाडीही राहणार नाही. जागा नीट असली आणि नजर असली, की मुलांना मोकळं सोडता येतं.

धोक्याच्या वेळा

पाण्याचं आधी सांगते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की बुडण्याचं प्रमाण १ ते ४ वर्षांच्या मुलांत सर्वांत जास्त असतं. बुडायला विहीरच लागते असं नाही. नुकतं चालायला लागलेलं मूल बादलीत वाकलं की डोक्याच्या भाराने आत जातं, आणि त्याला ओरडताही येत नाही. उन्हाळ्यात आपण टाक्या, ड्रम, हौद भरून ठेवतो. त्यांवर घट्ट झाकण हवंच. बालवाडीतही आणि घरीही.

खाण्याचं दुसरं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, गोळ्या पाच वर्षांच्या आतल्या मुलांना देऊ नयेत, श्वासनळीत अडकतात. शेंगदाण्याचं कूट करा, द्राक्षं उभी चिरून द्या. संक्रांतीनंतर बोरन्हाण करतो तेव्हा डोक्यावरून बोरं, हलवा, चुरमुरे ओततो आणि सगळी चिल्लीपिल्ली त्यावर तुटून पडतात. हौस जरूर करा, पण चुरमुरे जास्त ठेवा, बोरं मोठ्यांनी उचला. घशात काही अडकलं तर आत बोट घालून चाचपू नका, वस्तू आणखी खाली जाते. मूल खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून पाठीत दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने जोरात थापट्या मारा आणि त्याच वेळी कुणाला तरी डॉक्टरकडे नेण्याची तयारी करायला सांगा.

तिसरी वेळ सुटण्याची. रिक्षा उभ्या, आया गप्पांत, बाई वह्या वाटताहेत. अशा वेळी मूल नेमकं कुणाच्या हाती असतं? बाईंना वाटतं आईने घेतलं, आईला वाटतं अजून आतच आहे. मुलाचा हात हातात देऊनच बाईंनी त्याला सोडावं. एरवी नेणारा माणूस बदलणार असेल तर सकाळीच सांगून ठेवा. निरोप नसेल तर ओळखीच्या काकांबरोबरही मूल पाठवायचं नाही, हा नियम कडक वाटला तरी आपल्याच भल्याचा.

माणसांवरही लक्ष

एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन चिमुकल्या मुलींवर सफाई कर्मचाऱ्याने स्वच्छतागृहात अत्याचार केल्याची तक्रार झाली. २० ऑगस्टला संतापलेल्या लोकांनी रेल्वे रोखून धरली. त्यानंतर राज्य सरकारने शाळांमध्ये कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून पडताळणी, सखी सावित्री समिती यांविषयी आदेश काढले.

कॅमेरा हवाच. पण कॅमेरा धावून येत नाही. लहानग्यांना स्वच्छतागृहात नेणारी बाई ठरलेली हवी, आणि कुठलंही एक मोठं माणूस एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड राहणार नाही, अशी व्यवस्था हवी. मूल "मला तिथं जायचं नाही" असं वारंवार म्हणू लागलं तर "नखरे करू नको" म्हणून गप्प करू नका. शांतपणे ऐकून घ्या. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे, आणि २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी तक्रार नोंदवून घेणं पोलिसांना बंधनकारक आहे.

बाईंना कसं विचाराल?

भांडायचं नाही, चहा घेता घेता विचारायचं. "बाई, तुमच्याकडे मुलं किती आणि तुम्ही किती जणी? मधल्या सुट्टीत अंगणात कोण असतं? शू-शीला कोण नेतं? मदतनीस रजेवर असली तर काय करता? फाटकाला कडी आहे का? मूल पडलं तर कुठल्या दवाखान्यात नेता?" ज्या बाईंनी या गोष्टींचा विचार केला आहे त्या आनंदाने सांगतील. ज्या रागावतील, त्यांच्याकडून काय समजायचं ते तुम्हीच ठरवा.

मी स्वतः अर्धा दिवस शिकवायला जाते, म्हणून बाईंची बाजूही मांडते. कमी फीची बालवाडी आपल्याला हवी, आणि तिथं दोन-दोन बायाही हव्यात, हे जमायचं कसं? मदतनीस बाईच्या पगारासाठी महिन्याला थोडे पैसे जास्त द्यावे लागले तर कुरकुर करू नये. नव्या बाकांपेक्षा आणि गॅदरिंगच्या पोशाखांपेक्षा ते पैसे सत्कारणी लागतील. मूल आजारी असेल तर घरीच ठेवा. न्यायला वेळेवर या, कारण उशिरा राहिलेल्या एका मुलासाठी दमलेल्या बाईंना थांबावं लागतं. आणि आपला फोन लागेल असा ठेवा.

घरी एक सवय लावून घ्या. मूल दुसऱ्याकडे देताना तोंडाने सांगायचं, "सासूबाई, आता हा तुमच्याकडे हं." त्यांनी "हो, माझ्याकडे" म्हटल्यावरच स्वयंपाकघरात वळायचं. सुरुवातीला सगळे हसतील. चार दिवसांनी सासूबाईच विचारतील, "अगं, मी आंघोळीला चालले, आता कुणाकडे?"