गावचं मैदान ते भारतीय संघ : मधल्या पायऱ्या



"सर, भारताच्या टीममध्ये जायला फॉर्म कुठं भरायचा?" सहावीतल्या मुलानं विचारलं. वर्ग हसला. पण प्रश्न खरा आहे. फॉर्म नसतो, पायऱ्या असतात. रिठदसारख्या गावात त्या कुणी सांगत नाही, एवढंच.

महाराष्ट्रात क्रिकेटच्या तीन संघटना आहेत : मुंबई, महाराष्ट्र (पुणे) आणि विदर्भ (नागपूर). वाशिमचं पोरगं विदर्भाकडून खेळतं. पुढच्या पायऱ्या अशा :

१) १६ वर्षांखालील – विजय मर्चंट करंडक
२) १९ वर्षांखालील – कूचबिहार व विनू मंकड करंडक
३) २३ वर्षांखालील – सी. के. नायडू करंडक
४) खुला गट – रणजी, विजय हजारे (५० षटके), सय्यद मुश्ताक अली (२० षटके)
५) दुलीप करंडक, भारत 'अ' संघ

या स्पर्धा कशासाठी? एका दिवसाची फटकेबाजी नशिबानेही जमते. रणजीत मात्र चार दिवस, वेगवेगळ्या खेळपट्ट्यांवर, पूर्ण हंगाम टिकावं लागतं. निवड समितीला तेच सातत्य दिसतं.

उदाहरणं आपलीच घ्या. खापरखेड्याजवळच्या वलनीचा उमेश यादव हा कोळसा खाण कामगाराचा मुलगा. आधी टेनिस बॉलवर खेळला. २००८ मध्ये रणजीत उतरला आणि २०११ मध्ये कसोटी खेळला. २०२४-२५ च्या रणजी हंगामात हर्ष दुबेनं विक्रमी ६९ बळी घेतले, विदर्भ विजेता ठरला आणि हर्ष भारत 'अ' संघात गेला. त्याच हंगामात करुण नायरनं विदर्भाकडून ८६३ धावा केल्या आणि आठ वर्षांनी कसोटी संघात परतला. मुलींसाठीही वाट आहे. अमरावतीची भारती फुलमाळी २०१९ मध्ये भारताकडून खेळली.

आता आपलं काम. शाळेत नाव घालताना अंदाजे '१ जून' जन्मतारीख लिहू नका. वयोगटाच्या स्पर्धेत जन्मदाखला तपासतात, हाडांची चाचणीही होते. चुकीच्या तारखेनं चांगलं पोरगं घरी बसतं. टेनिस बॉलसोबत लेदर बॉलचा सराव लवकर सुरू करा. तालुक्याच्या शालेय स्पर्धेला संघ पाठवाच.

आणि अभ्यास सोडू देऊ नका. या जिन्यावर चढणारे हजारो असतात, वर जागा मोजून अकरा.