हाक मारणारं कॅलेंडर

स्वतःला एडीडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा विकार, असलेल्या एडवर्ड हॅलोवेल आणि जॉन रेटी या मनोविकारतज्ज्ञांचं ‘ड्रिव्हन टू डिस्ट्रॅक्शन’ १९९४मध्ये आलं. तोवर हा विकार म्हणजे वर्गात चुळबुळ करणाऱ्या मुलांचा प्रश्न, असाच बहुतेकांचा समज होता. मोठी माणसंही यात अडकलेली असतात, हे त्या पुस्तकाने अमेरिकेत असंख्य घरांत पोचवलं. दोन वर्षांनी, १९९६मध्ये, खिशात मावणारा पाम पायलट बाजारात आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण एडीडी असलेल्या आमच्यासारख्यांसाठी त्या जोडीनेच आल्या.

पामचं मोठेपण मला आज जास्त जाणवतं. खालच्या पट्टीवरचं तारखांचं बटण दाबलं की बंद यंत्र सुरू होऊन थेट आजचा दिवस समोर यायचा. मध्ये काहीच नाही. आजच्या फोनवर कॅलेंडर उघडायला निघालेलं बोट वाटेत मेसेजवर थांबतं, तिथून व्हिडिओवर जातं, आणि काय लिहायचं होतं तेच डोक्यातून निघून जातं. ज्याचं लक्ष मुळातच निसटतं, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी १९९७मध्ये या विकाराची मांडणी आत्मनियंत्रणाच्या अंगाने केली आणि काळाच्या भानाला तिच्यात महत्त्वाची जागा दिली. घड्याळ आम्हाला वाचता येतं. पाच वाजायला किती अवकाश आहे, ते आतून जाणवत नाही. काय करायचं ते ठाऊक असतं, ऐन वेळी हातून घडत नाही. म्हणून मदत जिथे आणि जेव्हा कृती करायची, तिथेच आणि तेव्हाच हजर हवी, हा त्यांचा आग्रह.

कॅलेंडर बनवणाऱ्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही. आउटलुकची ठरलेली आठवण पंधरा मिनिटं आधी येते. शेजारच्या खोलीत मीटिंग असेल तर ठीक. पण कोथरूडहून पुणे स्टेशनजवळ पाचला पोचायचं असेल, तर पावणेपाचला वाजलेली घंटा काय कामाची? त्यामुळे मी ‘५.०० डेंटिस्ट’ एवढ्यावर थांबत नाही. ‘३.५० हातातलं काम थांबव’, ‘४.०५ फाईल, चावी, पाकीट’, ‘४.१० रिक्षा’ अशा नोंदी करते, आणि प्रत्येकीला स्वतंत्र अलार्म लावते.

२००६मध्ये गूगल कॅलेंडर आलं आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला माझ्या दिवसात नोंद करता येऊ लागली. हा मोठाच आधार. २०१७मध्ये गूगलचं बोलून टाइप करणं मराठीतही आलं, तेव्हा आठवलेली गोष्ट विरायच्या आत फोनमध्ये उतरवणं सोपं झालं.

पुढे देखण्या अ‍ॅप्सची रांग लागली. नव्याची ओढ हा आमचा स्वभाव, त्यामुळे ती फार भुरळ घालतात. सनराइज या कॅलेंडर अ‍ॅपचं उदाहरण मला विसरता येत नाही. २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं, २०१६मध्ये बंद केलं. बहुतेकांच्या नोंदी बुडाल्या नाहीत, कारण त्या मुळात गूगल किंवा आयक्लाउडवर होत्या. बुडाली ती सवय. इतरांना नवं अ‍ॅप अंगवळणी पाडायला आठवडा पुरत असेल. एडीडी असलेल्याची कष्टाने बसवलेली घडी मोडली, की ती पुन्हा बसेलच याची खात्री नसते. अशी साधनं बंद करताना कंपन्या हा हिशेब मांडत नाहीत, याचा मला राग येतो.

म्हणून कुणी विचारलं, तर मी साधं, जुनं, फोनसोबतच येणारं कॅलेंडर सुचवते. रंगांच्या छटा आणि आलेख बाजूला ठेवा. नोंद करायला किती वेळा बोट लावावं लागतं? एका नोंदीला दोन-तीन अलार्म लावता येतात का? आजचा दिवस फोन उघडताच पहिल्या पडद्यावर दिसतो का? १९७३पासून स्वयंपाकघराच्या भिंतीवर असलेलं कालनिर्णय दूधवाल्याचे खाडे टिपायला उपयोगी पडतं, ते येता-जाता नजरेस पडतं म्हणूनच. आणि सगळ्या नोंदी आयसीएस फाइलमध्ये, म्हणजे दुसऱ्या कॅलेंडरलाही वाचता येईल अशा रूपात, बाहेर काढता येतात ना, हे पहिल्याच दिवशी तपासून घ्या.